नियासिनामाइडच्या बाटलीमागचा पेलाग्रा

तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात नियासिनामाइडचं सीरम असेल. हे जीवनसत्त्व ब-३चं एक रूप. 'त्वचेला ब-३ लागतं' असं जाहिरातीत म्हणतात आणि ते खोटं नाही. पण हे कळलं कुठून, ते शोधत मागे गेलात तर सीरम कुठेच दिसत नाही. दिसतात ते मक्यावर जगणारे गरीब लोक.

१७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरने शेतकऱ्यांमध्ये एक आजार पाहिला. हातापायांवर आणि गळ्याभोवती, म्हणजे जिथे ऊन लागतं तिथे, लालसर खरबरीत चट्टे. पुढे जुलाब, मग भ्रम आणि अनेकदा मृत्यू. इटलीत त्याला पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव मिळालं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हाच आजार पसरला. बहुतेक डॉक्टर म्हणत होते, हा संसर्ग आहे. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर यांना तिकडे पाठवलं. त्यांनी प्रयोगशाळेत शिरण्याआधी एक साधी गोष्ट बघितली: मनोरुग्णालयात पेलाग्रा रुग्णांना होतो, त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना होत नाही. संसर्ग असा माणसं निवडून होत नाही ना! फरक होता तो ताटात.

मग त्यांनी दोन्ही बाजूंनी तपासलं. अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस, शेंगा वाढवल्या. आजार जवळपास गेला. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर ११ कैद्यांना मुख्यतः मका आणि काकवीच्या आहारावर ठेवलं. सहा महिन्यांत सहा जणांना चट्टे उठले. त्या बदल्यात गव्हर्नरने कैद्यांना माफी दिली होती. आज एथिक्स कमिटीपुढे हे प्रपोजल टिकेल का, तुम्हीच सांगा.

तरीही संसर्गवाले हटेनात. म्हणून १९१६ मध्ये गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, चट्ट्यांच्या खपल्या कॅप्सूलमधून गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतलं. कुणालाच पेलाग्रा झाला नाही.

मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणी-वस्त्यांमधलं काम. अर्थतज्ज्ञ एडगर सिडनस्ट्रिकर यांच्याबरोबर घराघरांचं उत्पन्न आणि खाणं नोंदवलं, तेव्हा दिसलं की उत्पन्न जितकं कमी तितका पेलाग्रा जास्त. म्हणजे आजार कातडीवर, कारण पगारात. हे ऐकायला तिथल्या अनेक पुढाऱ्यांना आवडलं नाही.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेले. नेमकं कोणतं द्रव्य, ते त्यांना कळलंच नाही. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांमधला तसाच आजार निकोटिनिक आम्लाने बरा केला, आणि लवकरच माणसांवरही ते लागू पडलं. नंतर कोडंही सुटलं. मक्यात ब-३ असतं, पण बांधलेलं, शरीराला न मिळणारं. शिवाय ज्यापासून शरीर ते बनवतं ते ट्रिप्टोफॅनही कमी. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे ब-३ मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुना तिथेच राहिला.

'मका खाणाऱ्यांचा आजार' ही ओळख इतकी पक्की झाली की हैदराबादच्या आसपास ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांत पेलाग्रा दिसला तेव्हा गणित बसेना. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नाही. १९६० मध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन आड येत असावं. या गृहीतकावर पुढे बराच वाद झाला, सगळ्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. (भाकरीबरोबर डाळ, भाजी, ताक असेल तर घाबरू नका. हा आजार नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांचा.)

आता बाटलीकडे या. वरच्या सगळ्या पुराव्यातून एवढंच सिद्ध होतं की ब-३ कमी पडलं तर कातडी बिघडते, आणि दिलं की सुधारते. ज्याला पुरेसं मिळतंय त्याने वरून आणखी लावलं तर काय होतं, हा वेगळा प्रश्न. त्याला वेगळा कंट्रोल गट लागतो. ते काम २००० नंतर झालं. २००२ च्या एका अभ्यासात नियासिनामाइडमुळे रंगद्रव्याचे कण त्वचेच्या वरच्या पेशींकडे जाण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. हे पेलाग्राच्या यंत्रणेपेक्षा अगदी निराळं आहे.

गोळ्यांचंही तसंच. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात ३८६ जणांवर चाचणी झाली. सगळ्यांना आधीच्या पाच वर्षांत किमान दोनदा त्वचेचा कर्करोग (मेलानोमा सोडून) झालेला. रोज १ ग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या साधारण साठ पट, निकोटिनामाइड घेणाऱ्यांत वर्षभरात नवे कर्करोग २३ टक्के कमी आढळले. गोळ्या थांबल्यावर फायदाही थांबला.