छिद्री अंतर्गळ, गाठसदृश

मध्यपटलातील ज्या छिद्रातून अन्ननलिका उदरात उतरते, त्यातून जठराचा भाग छातीत सरकणे म्हणजे छिद्री अंतर्गळ (हायेटस हर्निया). बहुसंख्य रुग्णांत जठराचे तोंडच तेवढे वर घसरते. जळजळ, आंबट ढेकर एवढ्यावर भागते. निदानाचा घोळ होतो तो उरलेल्या प्रकारांत. जठराचा मोठा भाग, क्वचित मोठे आतडे वर चढते आणि क्ष-किरण चित्रात हृदयामागे गोल सावली उमटते. तीत हवा व द्रव यांची आडवी रेषा दिसली की उलगडा होतो. मात्र नुसती वपा, म्हणजे आतड्यांवरील चरबीचा पदर, वर गेली असेल तर हवा नसते आणि चित्र हुबेहूब अर्बुदाचे वाटते. सीटी स्कॅनमध्ये चरबी ओळखू येते, तरी मेदार्बुदाची शंका उरतेच. खरी खूण रक्तवाहिन्यांची : वपेतील बारीक वाहिन्या उभ्या छेदात छिद्रातून थेट उदरापर्यंत सलग सापडतात.

हृदयाच्या इको तपासणीत हा अंतर्गळ डाव्या अलिंदाला (हृदयाच्या वरच्या कप्प्याला) टेकलेली गाठ भासतो. अशा वेळी रुग्णाला सोड्याचे घोट पाजतात. ‘गाठीत’ बुडबुडे चमकले की ती जठर ठरते. इतकी स्वस्त चाचणी वैद्यकात विरळाच. बेरियम पाजून काढलेली चित्रेही उपयोगी पडतात. त्याआधी तुकडा काढण्यासाठी सुई घालणे धोक्याचे. जठराला भोक पडू शकते.

तीव्र वेदना, कोरड्या ओकाऱ्या आणि नाकातून घातलेली नळी जठरात न उतरणे ही बोर्खार्ट यांनी १९०४ मध्ये वर्णिलेली त्रयी वर सरकलेल्या जठराला पीळ पडल्याचे दर्शवते. तेथे तातडीची शस्त्रक्रिया लागते.