चंदेरी रंग : पत्र्यावर की पत्र्याखाली?

मुंबईच्या बोलीत 'माळा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. 'ते तिसऱ्या माळ्यावर राहतात' असे म्हणताना माळा म्हणजे मजला. 'जुनी पातेली माळ्यावर टाकली' असे म्हणताना माळा म्हणजे छपराखालची अडगळीची जागा. गिरगाव, परळ, लालबाग भागातल्या जुन्या लाकडी चाळींत सर्वांत वर राहणाऱ्यांच्या वाट्याला हे दोन्ही माळे येत. डोक्यावर कौले किंवा पत्रा, त्याखाली पोटमाळा आणि त्याखाली बिऱ्हाड. गिरण्या चालू होत्या तेव्हा अशा एकेका खोलीत अनेक कामगार पाळीपाळीने झोपत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोपायची वेळ म्हणजे छप्पर तापायची वेळ. त्याच्या दृष्टीने उष्णतेचे प्रारण हा पुस्तकातला धडा नव्हता.

आता अशा छपरांसाठी फवारून लावायचे 'उष्णतारोधक' रंग बाजारात मिळतात. काही पांढरे, काही चंदेरी. घरमालक विचारतो, कोणता चांगला? आमच्या मते त्याआधी विचारायला हवे, लावायचा कुठे? वर की खाली? याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात आहे, आणि त्या प्रयोगाचे साधन पुष्कळ शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत धूळ खात पडलेले असते.

जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1804 साली उष्णतेवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने पत्र्याचा एक चौकोनी डबा घेतला, त्याच्या बाजूंवर वेगवेगळे लेप दिले आणि आत उकळते पाणी भरले. मग एकेक बाजू तापमापकाकडे वळवून तो किती चढतो ते पाहिले. काजळी लावलेल्या बाजूकडून येणारी उष्णता 100 धरली, तर चकचकीत कथिलाच्या पत्र्याकडून फक्त 12 आली. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण लिहिण्याचा पांढरा कागद डकवलेल्या बाजूचा आकडा होता 98! म्हणजे उष्णता बाहेर टाकण्यात पांढरा कागद जवळजवळ काजळीइतकाच 'काळा' ठरला.

वर्गात हा आकडा सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना अंदाज करायला सांगावे. बहुतेक जण चुकतील, कारण 'पांढरा रंग उष्णता परावर्तित करतो' हे वाक्य त्यांनी पाठ केलेले असते. ते वाक्य अर्धेच आहे. पांढरा रंग परावर्तित करतो तो सूर्यप्रकाश. सूर्याच्या पृष्ठाचे तापमान साडेपाच हजार अंश सेल्सिअस, त्यामुळे त्याच्याकडून येणाऱ्या लहरी आखूड असतात. साठ-सत्तर अंशांना तापलेला पत्रा मात्र लांब, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लहरी टाकतो. त्या लहरींच्या बाबतीत चुना, कागद, तैलरंग, लाकूड, कौल, आपली कातडी हे सगळे जवळपास काळेच! चकचकीत धातू तेवढा वेगळा वागतो. त्या लहरी तो परतवतो आणि स्वतःही फार कमी टाकतो. या टाकण्याच्या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. काजळीची जवळजवळ 1, पांढऱ्या रंगाची सुमारे 0.9, अॅल्युमिनियमच्या वर्खाची 0.05 च्या आसपास.

हे ज्ञान तयार होत होते, त्याच शतकात मुंबईची छपरे बदलत होती. मंगळूरला 1865 साली बासेल मिशनने यंत्रावर कौले करण्याचा कारखाना काढला, आणि हलकी, एकसारखी मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. कौलाचा एक मोठा गुण असा की सांध्यांच्या फटींतून तापलेली हवा निसटते. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर 1898 साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळींत उजेड-वारा खेळावा म्हणून बरेच काम केले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी दोन इमारतींमध्ये किती आकाश मोकळे असावे यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आग्रहाने मांडला. प्लेगच्या भीतीतून आलेला हा विचार योग्यच होता. पण तो खिडकीचा नियम होता. छपरातून उतरणाऱ्या उष्णतेला त्यात जागा नव्हती. पुढे 1920 साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभारले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे त्याच्या काँक्रीटच्या 'बीडीडी' चाळी झाल्या. तिथे कौले गेली, सपाट गच्ची आली. काँक्रीटचा जाड थर दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी खाली सोडतो. म्हणून वरच्या मजल्यावर रात्री दहालाही छत गरमच.

आता थोडे गणित. स्टेफानने 1879 मध्ये मांडलेला आणि बोल्ट्झमानने 1884 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. पत्र्याची खालची बाजू 60 अंश आणि खोलीतल्या वस्तू 32 अंश धरा. पत्रा रंगवलेला किंवा गंजलेला असेल (उत्सर्जकता 0.9), तर दर चौरस मीटरमागे सुमारे 170 वॅट खाली येतात. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत हे सुमारे 2400 वॅट होतात, म्हणजे छताला दोन-तीन इस्त्र्या टांगल्यासारखेच. तीच खालची बाजू 0.25 उत्सर्जकतेची केली, तर 170 च्या जागी 50 येतात. (प्रत्यक्षात बचत थोडी कमी होते, कारण अडलेली उष्णता पत्र्यालाच आणखी तापवते. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.)

धातूच्या चकाकीचा हा उपयोग जेम्स ड्युअरने 1892 साली दुहेरी भिंतीच्या निर्वात बाटलीत केला. आपला थर्मास तो हाच. 1920 च्या दशकात जर्मनीत अॅल्युमिनियमचा पातळ वर्ख इमारतींसाठी वापरण्याची कल्पना पुढे आली. फवारायचा चंदेरी लेप हे त्याच घराण्यातले धाकटे भावंड. त्यात अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. त्या लेपाच्या पृष्ठभागावर तरंगून माशाच्या खवल्यांसारख्या पसरल्या, तर उत्सर्जकता घटते. साध्या चंदेरी रंगात हे पुरेसे होत नाही. अमेरिकी मानकाप्रमाणे अशा आतल्या लेपाची उत्सर्जकता 0.25 पेक्षा जास्त नसावी. वर्खासाठी हीच मर्यादा 0.10 आहे. खडबडीत, पाणी पिणाऱ्या कौलावर लेप नीट बसत नाही. तिथे वाशांखाली, हवेची पोकळी सोडून वर्ख ताणणे बरे. चकाकी खालच्या बाजूला ठेवावी; वर ठेवली तर धूळ साचते आणि धूळ म्हणजे पुन्हा 0.9.

ही पोकळी महत्त्वाची. वर्ख छताला किंवा फळीला चिकटवून त्यावर दुसरा थर दिला, की उष्णता वहनाने सरळ पार जाते आणि चकाकी फुकट जाते.

मग पांढरा रंग कुठे? बाहेर. बीडीडीसारख्या गच्चीवर पांढरा लेप किंवा नुसता चुना ऊन परतवतो आणि उरलेली उष्णता आकाशाकडे भराभर टाकतो. एकाच थरात दोन्ही कामे. मुंबईत पांढऱ्या चिनी तुकड्यांनी मढवलेल्या कोब्याच्या गच्च्या आहेत. त्या केल्या गळती थांबवायला, पण हेही काम त्या करतात. अहमदाबादेत 2017 पासून गरीब वस्त्यांतील छपरांना चुना देण्याची मोहीम चालवली गेली. मुंबईत अडचण पावसाची. चार महिन्यांत चुना धुऊन जातो, वर शेवाळ धरते. तेव्हा दर वर्षी होळीच्या सुमारास हात फिरवायची तयारी हवी.

उलटसुलट केले की पैसे वाया. चंदेरी रंग पत्र्याच्या वर दिला, तर तो ऊन थोडे परतवतो, पण शोषलेली उष्णता सोडायला कंजूषपणा करतो. पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो. 'अंतराळयानाचे तंत्रज्ञान' असे छापलेला पांढरा रंग छताला आतून लावला, तर तो दिसायला छान, एवढेच. विकणाऱ्याला दोनच आकडे विचारावेत. बाहेरच्या रंगासाठी सूर्यप्रकाशाचे परावर्तन, आतल्या लेपासाठी उत्सर्जकता. आणि छप्पर जुन्या अॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचे असेल, तर ते खरवडून साफ करू नये. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत.

शाळेत करून पाहण्यासारखे : पत्र्याचे दोन सारखे तुकडे घ्या. दोन्ही वरून मळकट तपकिरी रंगवा. एकाची खालची बाजूही तशीच रंगवा, दुसऱ्याच्या खालून अॅल्युमिनियमचा वर्ख घट्ट चिकटवा, चकचकीत बाजू उघडी ठेवून. दुपारी बारा वाजता दोन्ही तुकडे विटांवर उन्हात ठेवा. पंधरा मिनिटांनी खाली, वीतभर अंतरावर, तळहात आडवा धरा. फरक तापमापकाशिवाय कळतो. वरच्या बाजूला मात्र कुणी हात लावू नये. खालून चकचकीत असलेला पत्रा वरून दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला असतो.