‘वाया गेलेला’ की ‘उपेक्षित’? : बालमनोपचाराच्या आरंभकाळातील एक शब्दप्रश्न

एखादे मूल चोरी करते, घरातून पळून जाते किंवा मारहाण करते, तेव्हा त्याला कोणत्या नावाने ओळखले जाते, यावर त्याच्या वाट्याला काय येणार हे बऱ्याच अंशी ठरते. ‘उनाड’, ‘वाह्यात’, ‘हाताबाहेर गेलेला’, ‘वाया गेलेला’ हे मराठीतील रूढ शब्द. या सर्वांत दोष मुलाच्याच पदरी पडतो. त्याला वाया कोणी घालवले, हा प्रश्न शब्दातच विरून जातो. अशा मुलांवरील मानसोपचाराचा आरंभकाळ पाहिला, तर तो नामकरणाचाही इतिहास आहे, असे दिसते.

शिकागो येथे १८९९ मध्ये बालन्यायालय स्थापन झाले आणि १९०९ मध्ये विल्यम हीली यांनी तेथील मुलांच्या मानसिक तपासणीस आरंभ केला. तथापि, उपचाराची नवी दृष्टी आकारास आली ती महायुद्धोत्तर ऑस्ट्रियात. पेशाने शिक्षक असलेले आउगुस्ट आइखहोर्न (१८७८-१९४९) यांनी १९१८ मध्ये ओबरहोलाब्रुन येथील निर्वासित छावणीच्या बराकींत अशा मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. त्यांतील सर्वांत आक्रमक मुलांचा गट त्यांनी स्वतःकडे घेतला. शिक्षा नाही, प्रतिकार नाही. कोणाला इजा होऊ नये एवढीच दक्षता घ्यावी, असा सहकाऱ्यांना आदेश होता. मुलांनी काचा फोडल्या, सामानाची मोडतोड केली. अपेक्षित प्रतिहल्ला मात्र आलाच नाही. हिंसा शिगेला पोहोचली, तिचे पर्यवसान रडण्यात झाले आणि मुले हळूहळू स्थिरावू लागली. पूर्वी न लाभलेल्या मायेचा अनुभव प्रथम द्यावा व मागणी नंतर करावी, हे या प्रयोगाचे सूत्र होते.

या अनुभवांवर आधारलेला आइखहोर्न यांचा ग्रंथ १९२५ मध्ये फ्रॉईड यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. ग्रंथनामातील ‘फेरवाहरलोस्ट’ हे विशेषण ज्याची निगा राखली गेली नाही अशाचा निर्देश करते. १९३५ च्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘वेवर्ड यूथ’ असे झाले. ‘वेवर्ड’ म्हणजे स्वतःच्या मर्जीने भरकटणारा. जर्मन शब्दात मूल ज्याचे भोग भोगत होते, त्याचा कर्ता ते इंग्रजीत झाले. अनुवादात उणावते ते सौंदर्यच असे नाही. कधी कधी जबाबदारीही जागा बदलते, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने येथे नोंदवावयास हवे.

मुंबईचा अनुभव याला समांतर आहे. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा तेथे उभी राहिली. ‘सुधारणे’ या क्रियापदात बिघाड मुलाचाच, हे गृहीत होते. १९२४ मध्ये मुंबई बाल अधिनियम आला. पुढे १९३६ मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडले. ‘मार्गदर्शन’ या शब्दाबरोबर मुलाचे घर, पालक आणि शाळा तपासणीच्या कक्षेत आली.

कायद्याची भाषा मात्र दुभंगलेलीच राहिली. १९८६ च्या बालन्याय अधिनियमाने ‘उपेक्षित’ आणि ‘अपराधी’ असे दोन वर्ग केले. आइखहोर्न यांच्या एकाच शब्दात सामावलेले कारण आणि कृत्य येथे वेगवेगळ्या रकान्यांत गेले. २००० च्या अधिनियमानंतर शासकीय मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा रुळली. ती अवजड आहे खरी. परंतु ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ या शब्दांतील ‘ग्रस्त’ हे पद आपत्ती बाहेरून येते याचे स्मरण देते. या मुलांच्या संदर्भात मराठीला हा शब्द राजभाषेनेच दिला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

परंतु केवळ शब्द पुरत नाही. २०१५ च्या अधिनियमानुसार सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असल्यास, त्याला प्रौढासारखे खटल्यास सामोरे न्यावे की काय हे ठरविण्यापूर्वी प्राथमिक मूल्यमापन केले जाते आणि बाल न्याय मंडळाला त्यासाठी मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेता येते. ओबरहोलाब्रुनच्या बराकीत मुलाचे कृत्य समजून घेतले गेले ते त्याला बरे करण्यासाठी. येथे तेच वाचन त्याला बालपणाबाहेर काढण्यासही कारण ठरू शकते. वाचन कशासाठी, हा प्रश्न म्हणूनच केवळ साहित्याचा उरत नाही.