प्लेगची लस आणि तिची कसोटी

ज्युबिलीचा सण हा मागे वळून पाहण्याचा सण होय. ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर देवळाचा, शाळेचा आणि धर्मगुरूंच्या कार्याचा वृत्तान्त वाचकांस मिळेलच. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. ज्या रोगाने आमच्या पणजोबांच्या पिढीस भरली घरे टाकून रानात झोपड्या बांधावयास लावल्या, त्या रोगावर पहिली लस कशी निघाली आणि ती खरी की खोटी हे कोणत्या कसोटीने ठरले, हे येथे सांगावयाचे आहे. त्या रोगाला विद्वान ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. लोक त्यास प्लेग किंवा नुसते ‘गाठीचा रोग’ म्हणत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुलढाणा जिल्हा वऱ्हाड प्रांतात मोडत असे आणि वऱ्हाडचा कारभार इंग्रज हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत चालवीत. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला होता. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही त्या मार्गावरील आमची ठाणी. १८७० साली जलंबहून खामगावास फाटा निघाला आणि त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले, इतके खामगावच्या कापसाचे महत्त्व होते. मलकापूर मुंबईपासून सुमारे ५०० किलोमीटर दूर असले, तरी आगगाडीने ते अंतर एका दिवसावर आणून ठेवले. कापूस मुंबईस जाई. मुंबईचा माल आणि माणसे इकडे येत. ज्या वाटेने समृद्धी आली तीच वाट रोगासही मोकळी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात प्लेगने पाय ठेवला, त्याचे बीज मुंबईस १८९६ साली पडले होते.

त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका तापकरी रोग्यास डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस ह्यांनी तपासले. हे डॉक्टर आपल्याच धर्मबंधूंपैकी. गोव्यातील बार्देश प्रांतात हडफडे येथे १८५६ साली त्यांचा जन्म झाला आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. रोग्याच्या अंगावरील गाठ पाहून हा साधा ताप नव्हे, हा प्लेग आहे, असे त्यांनी निर्भयपणे जाहीर केले. व्यापाराच्या नगरीत असे बोलणे कोणासच रुचण्यासारखे नव्हते. परंतु पुढील तपासणीत त्यांचे निदान खरे ठरले. पुढे १९०६ साली मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष होण्याचा मान त्यांस मिळाला.

रोग ओळखला गेला, परंतु उपाय कोणापाशीच नव्हता. सरकारने बळाचा मार्ग धरला. पुण्यास गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून झडती घेतली, रोगी व संशयित ह्यांस छावण्यांत नेले, सामानसुमान जाळले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँड साहेबांवर गोळी झाडली गेली, हे महाराष्ट्रास ठाऊकच आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगास बळी पडल्या. एकीकडे ही निःस्वार्थ सेवा आणि दुसरीकडे ती जबरदस्ती, परंतु रोग दोहोंसही दाद देईना. इस्पितळात नेलेले माणूस परत येत नाही अशी लोकांची समजूत झाली आणि आजारी माणसास कोठीत लपवून ठेवण्याची चाल पडली.

अशा समयी मुंबईत वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ काम करीत होते. ते ओडेसा नगरीचे, जातीने यहुदी आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले. पटकीची लस त्यांनी पूर्वीच बंगालमध्ये टोचली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगच्या जंतूंची लागवड आरंभिली. रश्श्याने भरलेल्या काचेच्या चंबूत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे; त्या थेंबांना धरून जंतूंचे घोस खाली लोंबत वाढत. पुरेशी वाढ झाली म्हणजे ते द्रव्य तापवून जंतू मारावयाचे आणि किंचित कार्बोलिक ॲसिड घालून बाटल्यांत भरावयाचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, परंतु शरीरास शत्रूची ओळख करून देतात, हे त्या लशीचे मर्म.

मग पहिली सुई कोणास टोचावयाची? हाफकिन ह्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांस दिली त्याहून मोठ्या मात्रेची. ताप आला, दंड दुखला, परंतु ते बरे झाले. ह्यावरून एवढेच सिद्ध झाले की लस मारीत नाही. ती तारते काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांस लशीची माहिती सांगण्यात आली आणि जे आपण होऊन पुढे आले अशा सुमारे दीडशे जणांस ती टोचली. टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्या अंगी रोग दिसून आला त्यांस हिशेबातून वगळले. न टोचलेल्या कैद्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व त्यांतील ६ मेले. टोचलेल्यांपैकी २ जणांस झाला व दोघेही वाचले. अन्न एक, हवा एक, भिंती एक. भेद होता तो केवळ सुईचा.

पुढे पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे तोच रोग पसरला. तेथे सुमारे २,२०० लोकांनी लस घेतली व सुमारे ६,००० लोकांनी घेतली नाही. पहिल्या वर्गात ३६ मृत्यू झाले. दुसऱ्या वर्गात ते १,४८० च्या वर गेले. हे आकडे ऐकून कोणीही थक्क होईल. तथापि विचारी माणूस येथे एक शंका काढील. जे आपण होऊन लस घेण्यास आले, ते कदाचित अधिक सावध, अधिक स्वच्छ, अधिक सुखवस्तू असतील. तेव्हा वाचविले कोणी, लशीने की सुस्थितीने?

ह्या शंकेचे उत्तर बडोद्याजवळील उंधेरा ह्या खेड्यात १८९८ च्या फेब्रुवारीत मिळाले. तेथे घराघरांतील माणसांचे दोन भाग केले आणि एकाच छपराखाली राहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांस टोचले, निम्म्यांस टोचले नाही. नंतर ज्या घरांत रोग शिरला त्या घरांतील ७१ टोचलेल्या माणसांपैकी ८ जणांस प्लेग झाला व ३ मेली. न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांस झाला व २६ मेली. आता शंकेस जागा उरली नाही. परंतु वाचकांनी हा आकडा घाईने ओलांडून जाऊ नये. ती सव्वीस माणसे कोणाची आई, कोणाचा मुलगा होती, आणि त्यांच्याच घरातील दुसऱ्या एखाद्या माणसाच्या दंडात त्यांचा बचाव करू शकणारे औषध गेलेले होते. पुढे लक्षावधी लोकांनी ज्या खात्रीने हात पुढे केला, त्या खात्रीची किंमत उंधेऱ्याने भरली. त्यांची नावे आज कोणी घेत नाही.

प्लेगच्या ह्या प्रयोगशाळेस आश्रय देणाऱ्यांत खोजा समाजाचे प्रमुख आगाखान अग्रणी होते. त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला तिला दिला आणि अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आपणांस विशेष वाटावे ते हे की तो वाडा मूळचा एका कॅथलिक मठाचा व देवळाचा. अठराव्या शतकाच्या आरंभी तो इंग्रजांनी ताब्यात घेतला होता. जेथे एकेकाळी घंटा वाजत असे तेथे लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या आणि आगगाडीने त्या देशभर जाऊ लागल्या.

तथापि ह्या कथेत एक काळा दिवसही आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मालकोवाल गावी १०७ लोकांस लस टोचली गेली. त्यांपैकी ज्या १९ जणांस एका विशिष्ट बाटलीतून टोचले होते ते सर्व धनुर्वाताने मेले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर लादला गेला आणि हाफकिन ह्यांस पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट कागदोपत्री असूनही तिच्याकडे दुर्लक्ष झाले. त्याच लशीच्या इतर बाटल्यांनी कोणास अपाय केला नव्हता. शेवटी १९०७ साली सर रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीरपणे त्यांची बाजू मांडली आणि ते निर्दोष ठरले. १९२५ साली त्या संस्थेस हाफकिन ह्यांचेच नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे त्यांचा अंत झाला.

रोग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसास जडतो हेही परळच्याच संशोधकांनी १९०५ नंतरच्या काही वर्षांत निर्विवादपणे दाखविले. घरात उंदीर पडू लागले म्हणजे घर सोडावे, हे आमच्या खेड्यांतील लोकांनी अनुभवाने जाणले होते. त्याचे कारण आता कळले. नंतरच्या काळात सल्फा औषधे व स्ट्रेप्टोमायसिन आली आणि वेळीच उपचार झाल्यास रोगी बरा होऊ लागला. तरी रोग समूळ गेला असे कोणी समजू नये. १९९४ साली आमच्या शेजारचा जालना जिल्हा ओलांडल्यावर लागणाऱ्या बीड जिल्ह्यात, मामला गावी, तो पुन्हा दिसला होता.

असो. ह्या इतिहासात एक गोष्ट स्पष्ट दिसते. शिपायांच्या बळाने प्लेग हटला नाही, उलट लोक रोगी लपवू लागले. ज्या माणसाने सुई प्रथम आपल्याच दंडात टोचली, त्याच्यापुढे लोकांनी आपला दंड धरला. परंतु केवळ विश्वासही पुरेसा नव्हता. अर्ध्यांस टोचून व अर्ध्यांस न टोचून, हिशेब उघड मांडून, त्या विश्वासाची कसोटी घ्यावी लागली. तुरुंगातील कैदी खरोखर मोकळ्या मनाने पुढे आला काय, उंधेऱ्याच्या शेतकऱ्यास सर्व समजावून सांगितले होते काय, हे प्रश्न आपण आज विचारतो आणि ते विचारणे योग्यच आहे. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेपासून माणसाच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करू नये हा दंडक जगाने मान्य केला आहे.

आज आपल्या तान्ह्या मुलांस लस टोचून आणताना आपणांस फार विचार करावा लागत नाही. तो निश्चिंतपणा आपणांस फुकट मिळालेला नाही. ज्युबिलीच्या प्रसंगी आपण देवळाच्या भिंती उभारणाऱ्यांचे स्मरण करितो. त्याच वेळी डॉ. व्हिएगस, हाफकिन आणि भायखळ्याचे व उंधेऱ्याचे ते अनामिक स्त्रीपुरुष ह्यांचेही स्मरण करावे. त्यांचे ऋण आमच्या घराघरांवर आहे.