पायांचं वाजणं

१९२० सालची कोल्हापूरजवळची हुपरी. एका घराच्या सोप्यात तुम्ही उकिडवे बसला आहात. समोरचा कारागीर फुंकणीनं दिव्याची ज्योत वळवून चांदीच्या दोन इवल्या वाट्या झाळतोय. त्या मिटण्याआधी आत बारीकसा मणी टाकायला तो विसरत नाही. थंड झालेलं घुंगरू तुम्ही कानाशी हलवता. छुम्! हे पैंजणात बसून कुणाच्या तरी घरी जाईल. सून माजघरात आहे की परसात, हे सासूला न बघता कळेल.

रात्री बैलगाडीतून शेजारगावच्या जत्रेला चला. गॅसबत्तीभोवती किडे घोंगावतायत, हलगी तापतेय. कनातीआड लावणी नाचणारी बाई पितळी घुंगरांचे चाळ आधी कपाळाला लावते, मग पायात बांधते. चांदीचा नाजूक आवाज इथं मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. ढोलकीवाला तोडा टाकतो. ती अनवाणी टाचेनं तोच तोडा मात्रा न चुकवता परत करते. तो लय दुप्पट करतो, तीही करते. लोकांच्या शिट्ट्या तिच्या नजरेला. ढोलकीवाल्याचे डोळे मात्र तिच्या पायांवर.

आता सातासमुद्रापार, १८८१च्या स्पेनमधल्या सेव्हिलला या. सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती या गायकानं आपलं कॅफे उघडलंय. गिटार, टाळ्या आणि लाकडी मंचावर बुटांच्या टाचांचा कडकडाट. याला म्हणतात सापातेआदो. घुंगरू एकही नाही, वाजते ती फळी. गंमत म्हणजे इथं पाय आपटण्याचं काम मुख्यतः पुरुषांचं. बाईनं हात आणि कंबर सांभाळायची. ही वाटणी विसाव्या शतकात नर्तकी कारमेन आमाया पँट घालून मोडणार आहे. मेक्सिकोच्या वेराक्रूझमध्ये तर नाचणाऱ्यांसाठी लाकडी चौथरा मांडतात आणि त्यांचे पाय हाच वाद्यमेळातला तालवादक.

आपल्याकडे ही वाटणी उलटी होती. पायांनी ताल धरणारी बाई होती, आणि तरी तिला वादक कुणी म्हटलं नाही. पायातल्या पैंजणाचं कौतुक झालं, चाळ बांधणं मात्र बदनामीचं ठरलं. दोन्हींतून निघणारा आवाज लयीचाच; चाळांना तर वर्षानुवर्षांचा रियाज लागतो.

पुढच्या वेळी लावणीला जाल तेव्हा ढोलकीच्या तोड्याला दाद द्याच, पण त्याला पायांनी दिलेलं उत्तर ऐकल्याशिवाय टाळी वाजवू नका.