दोन्ही कानांतील कॉक्लिअर इम्प्लांट आणि प्रौढ रुग्ण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

श्रवणमज्जातंतूस विद्युत् उद्दीपन देण्याचा प्रयोग पॅरिस येथे १९५७ मध्ये जूर्नो व एरिएस यांनी केला. १९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रेम क्लार्क यांनी बहुवाहिनी कॉक्लिअर इम्प्लांट बसविले. तथापि बहुसंख्य प्रौढांना एकाच कानावर समाधान मानावे लागले. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे १९९६ पासून दोन्ही कानांत रोपण होऊ लागले. ध्वनीची दिशा ओळखणे व गोंगाटात संभाषण समजणे हे त्याचे प्रमुख लाभ होत. ब्रिटनमधील नाईस या संस्थेने मात्र २००९ मध्ये मुलांना दोन, तर अंधत्वासारखे अपंगत्व असलेले वगळता अन्य प्रौढांना एकच रोपण मान्य केले. २०१९ मध्येही हा भेद कायम राहिला. यावरून वैद्यकीय लाभ आणि सार्वजनिक खर्चाची मर्यादा यांतील संघर्ष स्पष्ट होतो.