कुळे आणि कॅसल रॉक : दोन राज्यांमधली रेल्वे

मुंबईत नोकरीला असलेला गोव्याचा माणूस गाडीने गावी निघाला की पुण्याला उतरे. रुंद रुळांवरची गाडी तिथे सोडून, सामान हमालाच्या डोक्यावर देऊन तो मीटरगेजच्या गाडीची वाट पाहत बसे. पुढे मिरज, बेळगाव, लोंढा असा रात्रभराचा प्रवास. कॅसल रॉक आले की खरा खोळंबा सुरू होई, कारण तिथे ब्रिटिश हिंदुस्थान संपत होता आणि पुढे पोर्तुगीजांचा गोवा होता.

घाट उतरून कुळ्याला पोर्तुगीज जकात, आणि परतीच्या वाटेवर कॅसल रॉकला इंग्रजी जकात. फलाटावर वळकट्या सोडायच्या, पत्र्याच्या ट्रंका उघडायच्या, कपड्यांच्या घड्या विस्कटू द्यायच्या. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि फेणीची बाटली सापडणे हा गुन्हा ठरला. दोन स्थानकांमधले अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण तपासणी दोन सरकारांची.

ही रेल्वे मुळात असा अडथळा दूर करण्यासाठी बांधली गेली होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. 26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बनमध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकात उठवायची, मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरच्या मुलखाला जोडायचे, असे ठरले. त्या बदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि पोर्तुगीज सरकारला दरसाल 4 लाख रुपये मिळू लागले. मिठागरांवर जगणाऱ्या गोवेकरांना त्याची झळ बसली.

काम अवघड होते. दूधसागरच्या धबधब्यासमोरून, बोगदे खोदत, चाळिसेक फुटांमागे एक फूट अशा चढाने मार्ग वर न्यावा लागला. पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावावरून त्या घाटाला ब्रागांझा म्हणतात. 1888 साली रूळ कॅसल रॉकला भिडले. पण कराराची मुदत बारा वर्षांची होती. 1892 च्या जानेवारीत ती संपली, करार पुन्हा झाला नाही आणि जकातनाके परतले. गाडी सुरू होऊन चार वर्षेही झाली नव्हती. हा मार्ग बांधणाऱ्या लंडनमधल्या कंपनीच्या भांडवलावर पोर्तुगीज सरकारने व्याजाची हमी दिली होती. उत्पन्न पुरेना, तेव्हा 1902 मध्ये मार्ग चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले.

तरीही गोव्याने ही गाडी आपली मानली. पावसाळ्यात मुंबईच्या आगबोटी बंद असत, त्या दिवसांत तिचाच आधार असे. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गोव्यातल्या गावांनी या गाडीने येणाऱ्या आपापल्या माणसांसाठी कूड (उतरण्याच्या सामायिक खोल्या) चालवले. खलाशी, आचारी, वादक यांचे पाय तिथे लागत.

राजकारणही याच रुळांवरून आले. 18 जून 1946 रोजी मडगावच्या सभेतून गोव्यातल्या लढ्याला तोंड फोडणारे डॉ. राममनोहर लोहिया सप्टेंबरअखेर पुन्हा गोव्यात निघाले, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांना कुळे स्थानकावरच अटक करून आग्वादच्या किल्ल्यात ठेवले. 15 ऑगस्ट 1955 रोजी सत्याग्रही अनेक ठिकाणांहून सीमेत शिरले, कॅसल रॉकच्या बाजूनेही शिरले. त्या दिवशीच्या गोळीबारात विसाहून अधिक माणसे मारली गेली. त्याच वर्षी भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली आणि सीमा ओलांडणारी गाडी थांबली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हाच तो अडथळा कायमचा संपला.

आता रूळ रुंद झाले आहेत, आणि दूधसागर पाहायला येणारे प्रवासी कॅसल रॉकला क्षणभर उतरून पुन्हा गाडीत चढतात. या स्थानकांवर रेल्वेने सीमेचा इतिहास सांगणारा एक साधा फलक तरी लावायला हवा. आणि ज्यांनी लहानपणी आईवडिलांबरोबर कुळ्याला ट्रंक उघडली, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी घरच्यांनी लवकर लिहून घ्याव्यात.